किबुत्झवर आठवडा काढला म्हणजे समाजवाद कळला?

उंटावरचा शहाणा:
परवा इथे मंचावर एका तरुण सदस्याने इस्रायलच्या उत्तरेतल्या गॅलिलीत, किबुत्झवरचे (म्हणजे शेती आणि मालमत्ता सामाईक असलेली वसाहत) आपले पहिले दिवस लिहिले. पहाटे केळीच्या बागेत काम, सगळ्यांचं एका हॉलमध्ये जेवण, पाकीट खिशातून काढावंच लागलं नाही वगैरे. शेवटी निष्कर्ष: 'इथे कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही, आपल्या सोसायट्यांनी शिकावं.' खाली वाहवांचा पूर. मला राहवलं नाही.

अरे बाळा, तू व्हॉलंटियर. लग्नघरी आलेल्या पाहुण्याला मांडवाचं बिल कुणी दाखवतं का? १९१० साली देगान्या या पहिल्या किबुत्झात जे सुरू झालं, ते १९८५ च्या आसपास महागाई आणि कर्जात बुडालं. बँकांशी तडजोडी झाल्या, आणि पुढे बहुतेक किबुत्झांनी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेगळा पगार लावला. कित्येक ठिकाणी त्या हॉलमध्ये सभासदालाही ताटाचे पैसे पडतात. कित्येक ठिकाणी हॉललाच कुलूप. आणि इस्रायलच्या शेतात आज राबतात ती बरीचशी थायलंडहून कंत्राटावर आलेली माणसं. ती कुठे जेवतात, ते विचारलंस?

कॉम्रेड पेठेतला:
बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. जुन्या पद्धतीने चालणारे किबुत्झ आजही आहेत. आणि मोडलं म्हणून वाईट होतं का? पदं आळीपाळीने, सभेत प्रत्येकाला एक मत, गडी ठेवायचा नाही हे तत्त्व. आमच्याकडे सहकार म्हणजे चेअरमनचा पोरगा व्हाइस चेअरमन, आणि उसाचं बिल पुढच्या दिवाळीला. त्या पोराला दोन दिवस भारावू द्या की!

भटकंती:
१९९२ मध्ये भारत-इस्रायलचे दूतावास उघडले, त्यानंतर थोड्याच काळात मीही व्हॉलंटियर म्हणून गेले होते. पहिल्याच दिवशी भांडी धुवायच्या यंत्रावर उभं केलं. सरकत्या पट्ट्यावरून ट्रे येत राहतात, वाफेने चष्मा धुरकटतो, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. कपडे एकाच लाँड्रीत, म्हणून कॉलरच्या आत नंबराची चिंधी शिवून दिली. माझ्या शेजारी खरकटं काढणारे आजोबा किबुत्झचे माजी सेक्रेटरी निघाले. हे नाटक नव्हतं हो. पण आमच्या खोल्या गावाच्या पार टोकाला, जुन्या लाकडी झोपड्यांत, आणि सभासदांच्या सभेला आम्हाला प्रवेश नाही. दोन्ही खरं आहे.

नौगावची लेक (अश्दोद, इस्रायल):
भारावण्याची चैन पाहुण्यांना. माझी आई अलिबागकडची. साठच्या दशकात घरचे इस्रायलला, डिमोना गावी, आणि हिला, पंधरा वर्षांच्या पोरीला, शिकायला म्हणून किबुत्झवर. सकाळी काकडी-टोमॅटो, उकडलेलं अंडं, वर आंबट साय. मिरची नावाला नाही. बोंबलाच्या आठवणीने रडायची. तिची रात्रपाळी बालघरात. तान्ही पोरं आईबापांपासून वेगळी झोपायची, आणि पाळीची बाई फेऱ्या मारायची. पोर रडलं तर तिने जायचं, आईने नाही. नव्वदच्या दशकापर्यंत ते सगळीकडे बंद झालं, यातच काय ते समजा.

आणि समतेचं म्हणाल, तर त्याच वर्षांत रब्बी मंडळी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, लग्नं लावताना वंशावळ तपासत होती. १९६४ मध्ये आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा सरकार हललं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांना ज्यू असल्याचा दाखला!

कॉम्रेड पेठेतला:
ताई, रब्बींचा आणि किबुत्झचा काय संबंध? बहुतेक किबुत्झवाले धर्म न पाळणारे. उगाच एकाचं खापर दुसऱ्यावर कशाला?

नौगावची लेक (अश्दोद):
संबंध आम्ही भोगलाय. तुम्ही पेठेत बसून मला माझा देश समजावू नका.

टोचणी:
बारआम किबुत्झ बिरिम या अरब गावाच्या जमिनीवर आहे, आणि त्या गावकऱ्यांना १९४८ मध्ये बाहेर काढलं ते अजून परतलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात हेही कुणी दाखवत नाही.

ठिबकवाला:
किबुत्झचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हात्झेरिम किबुत्झने १९६५ मध्ये नेटाफिम हा ठिबकचा कारखाना काढला नसता तर आमची केळी कधीच वाळली असती. पण आमच्याकडे संच बसवून दोन हंगाम झाले, अनुदानाचा पत्ता नाही. कार्यालयात गेलो की 'पोर्टल बंद'.

भटकंती:
संचाचं सोडा, आमच्या शेतातल्या नळ्या वर्षभरात क्षार धरून बसल्या.

ठिबकवाला:
ॲसिड सोडलं का? बोअरचं पाणी असेल तर सोडावंच लागतं. आणि फिल्टर रोज धुवा. विक्रेता हे सांगत नाही, त्याला नळ्या परत विकायच्या असतात.

उंटावरचा शहाणा:
धागा कशाचा, चाललंय काय!

ठिबकवाला:
भाऊ, तुमच्याच मुद्द्याचं आहे. शेतीवर भागत नव्हतं म्हणून त्यांनी कारखाना घातला, आणि नफा सगळ्यांत वाटला. व्याख्यानाने किबुत्झ तगत नाही.

उंटावरचा शहाणा:
आणि २०१८ मध्ये त्याच नेटाफिमचा ८० टक्के हिस्सा मेक्सिकोतल्या कंपनीकडे गेला. मालकी सामूहिकच, फक्त मेक्सिकोच्या शेअरहोल्डरांची.

कॉम्रेड पेठेतला:
२० टक्के किबुत्झकडेच राहिले, तेही लिहा. तुमच्या सोसायटीकडे पार्किंगचा एक कोपरा तरी राहिलाय का?

उंटावरचा शहाणा:
नाही राहिला, बिल्डरने विकला. घ्या, तेवढा एक गुण तुमच्या किबुत्झला. त्या पोराने वर्षभर राहावं, एकदा सभेत बसू देतात का बघावं, मग लिहावं. तेव्हा वाहवा मीही करीन, आवडलं तर.

ठिबकवाला:
नौगावच्या ताई, तिकडे नेगेवच्या वाळवंटात खाऱ्या पाण्याला कुठला फिल्टर लावतात, कुणाला विचारून सांगाल का?