रेल्वे आणि बस चालवणाऱ्या सरकारी संस्थेचे नेमके काम कोणते?

कळवेकर (मूळ प्रश्न)

उत्तर आयर्लंडमध्ये रेल्वे आणि बस या दोन्ही सेवा ‘ट्रान्सलिंक’ या नावाने एकच सरकारी संस्था चालवते, असे वाचनात आले. बेलफास्टमध्ये २०२४ साली सुरू झालेल्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आगगाडीतून उतरलेला प्रवासी त्याच इमारतीतून पुढची बस धरतो. आपल्याकडे लोकल केंद्राची, एसटी राज्याची, टीएमटी आणि एनएमएमटी या बससेवा अनुक्रमे ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या, तर नवी मुंबईतली बेलापूर-पेंधर मेट्रो सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची आहे. म्हणजे मालक सगळीकडे सरकारच. तरीही शहापूर तालुक्यातल्या गावातून निघून आसनगावपर्यंत एसटीने, तिथून ठाणेमार्गे ऐरोलीपर्यंत लोकलने आणि पुढे एनएमएमटीने कामावर जाणाऱ्या माणसाच्या संपूर्ण प्रवासाला जबाबदार असे कोणी नाही.

जाणकारांना विचारायचे आहे, की अशा संस्थेने आपल्या गाड्या वेळेवर सोडून उत्पन्न मिळवावे एवढीच अपेक्षा आहे, की प्रवाशाला मुक्कामी पोहोचवणे हेही तिचे कर्तव्य आहे? आणि हे सगळे उपक्रम एका छत्राखाली आणले, तर प्रश्न सुटेल का?

निवृत्त वाहतूक नियंत्रक

माझी नोकरी एसटीत झाली, त्यामुळे सुरुवात कायद्यापासून करतो. राज्य परिवहन महामंडळे ज्या १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली चालतात, त्याच्या कलम १८ मध्ये कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि परस्परांशी नीट जोडलेली वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कलम २२ मध्ये मात्र कारभार व्यावसायिक तत्त्वावर चालवावा, असे म्हटले आहे. आगारात बसून फेऱ्यांचे नियोजन करणाऱ्याला ही दोन्ही कलमे एकाच वेळी पाळावी लागतात आणि तिथेच खरी ओढाताण होते.

मुक्कामी गाडीचे उदाहरण घ्या. ती संध्याकाळी उशिरा तालुक्याहून निघते, वाटेतल्या थांब्यांवर रिकामी होत जाते आणि शेवटच्या गावी पोहोचते तेव्हा आत मोजकीच माणसे उरलेली असतात. चालक आणि वाहक तिथेच रात्र काढतात. पहाटे तीच गाडी कॉलेजची मुले, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि लोकल गाठायला निघालेले नोकरदार घेऊन भरून परत येते. भारमानाच्या, म्हणजे गाडी किती भरली याच्या तक्त्यात संध्याकाळची फेरी तोट्यात दिसते. ती बंद केली, की पहाटे गावात गाडीच उभी नसते आणि मग चांगल्या उत्पन्नाची फेरीही हातची जाते. एक एक फेरी सुटी करून मोजण्याची पद्धत ग्रामीण सेवेला किती घातक आहे, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटते.

सवलतींच्या बाबतीत सरकारने तुलनेने सरळ मार्ग धरला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, आणि त्या सवलतीची प्रतिपूर्ती राज्य शासन महामंडळाला करते. तोट्यातल्या पण गरजेच्या फेऱ्यांसाठीही असाच लेखी करार हवा: कोणत्या गावाला दिवसातून किती फेऱ्या हव्यात ते शासनाने ठरवावे, त्याचे पैसे द्यावेत आणि फेऱ्या चुकल्या तर जाब विचारावा.

नेरूळवासी

नियंत्रक साहेबांचे करारासंबंधीचे म्हणणे मला पूर्ण पटते. एका छत्राचा आग्रह मात्र धरू नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्याच उत्तर आयर्लंडच्या इतिहासात आहे. तिथे १९४८ मध्ये अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी ही रेल्वे आणि बस दोन्ही चालवणारी सरकारी संस्था स्थापन झाली. बस चालवणे स्वस्त पडते म्हणून पुढच्या काळात तिने बरेचसे रेल्वेमार्ग बंद करून टाकले. १९६० च्या दशकाअखेरीस ती संस्था मोडीत निघाली, तिच्या सेवा विभागल्या गेल्या आणि ‘ट्रान्सलिंक’ हे एकत्रित नाव आले ते १९९० च्या दशकात. दोन्ही सेवा एकाच हातात असल्या आणि त्या हाताला फक्त खर्च कमी करायला सांगितले असेल, तर एक सेवा दुसरीच्या जिवावर उठते, हा धडा तिथून घ्यावा.

उलट आपल्या नवी मुंबईत स्वतंत्र संस्थांनीही काम तडीस नेले आहे. मानखुर्द-बेलापूर-पनवेल मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. कोण किती देणार हे लेखी ठरलेले होते, म्हणूनच १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली.

कळवेकर

दोघांचेही आभार. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपमुळे लोकल, मेट्रो, टीएमटी, एनएमएमटी अशा अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी मिळू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या अकरांत एसटी नाही. शिवाय तिकीट एक झाले तरी लोकल उशिरा आली, तर बाहेरची बस तिच्यासाठी थांबत नाही. ठाणे पश्चिमेला सॅटिस, म्हणजे स्थानकाला जोडलेला बसगाड्यांचा उन्नत मार्ग, उभारल्यापासून स्थानकाच्या पुलावरून थेट बसथांब्यावर जाता येते. वेळांची सांगड मात्र कोणी घालायची?

निवृत्त वाहतूक नियंत्रक

ती स्थानकाबाहेरच्या नियंत्रकाने घालायची, पण त्याला तसा अधिकार द्यावा लागेल. निदान रात्रीच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांपुरती, लोकल किती उशिरा धावते आहे याची माहिती रेल्वेकडून त्याच्यापर्यंत वेळेत यावी आणि बस काही मिनिटे थांबवण्याची त्याला मुभा असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या थांबण्यामुळे झालेल्या उशिराचा ठपका चालक-वाहकावर येणार नाही, असे परिपत्रक आधी निघायला हवे. त्याशिवाय कोणताही नियंत्रक जोखीम पत्करून गाडी थांबवणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.