मदत हवी आहे: शिवशंकर मेनन यांच्यावर पाऊण तास बोलायचंय, 26/11 कुठे आणू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमच्या वाचनालयात दर महिन्याला अभ्यासवर्ग भरतो. पुढच्या वेळी शिवशंकर मेनन यांच्या कारकिर्दीवर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आधी परराष्ट्र सचिव, मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. वाचून झालंय, टिपणं काढलीत, पण बांधणी काही केल्या जमत नाहीये.

नेमणुका ओळीने सांगत गेलो तर दहाव्या मिनिटाला लोक मोबाईल काढणार. परराष्ट्र सेवेची 1972 ची तुकडी, बीजिंगला एकूण तीन वेळा, इस्रायल, श्रीलंका, चीन, पाकिस्तान अशा एकाहून एक अवघड जागी दूतावासाचे प्रमुख, ऑक्टोबर 2006 मध्ये परराष्ट्र सचिव (बऱ्याच ज्येष्ठांना ओलांडून, त्यावरून खात्यात धुसफूसही झाली), 2010 ते 2014 सुरक्षा सल्लागार. यादी वजनदार आहे, पण शेवटी यादीच. घराण्याचंही तसंच. आजोबा के. पी. एस. मेनन स्वतंत्र भारताचे पहिले परराष्ट्र सचिव, आजोबांचे त्याच नावाचे चिरंजीवही पुढे परराष्ट्र सचिव, वडील राजदूत. सासरे राम साठे, म्हणजे आपला मराठी माणूस, तेही परराष्ट्र सचिव. वर्गातले एक आजोबा लगेच म्हणणार, "घराणेशाही फक्त राजकारणातच असते असं कोण म्हणतं?" म्हणोत बापडे. परीक्षा देऊनच आत जावं लागतं, एवढं सांगून मी पुढे सरकेन.

मला खरा रस आहे तो 2008 या एका वर्षात. सप्टेंबरात व्हिएन्नाला अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली. गटात तेव्हा 45 देश आणि निर्णय सर्वसंमतीने, म्हणजे एकानेही आडकाठी केली तरी सगळं मुसळ केरात. परराष्ट्र सचिव म्हणून मेनन त्या धावपळीच्या केंद्रस्थानी होते. त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांत 26/11.

2016 साली आलेल्या आपल्या पुस्तकात ते स्पष्ट लिहितात की, हल्ल्यानंतर त्यांचं स्वतःचं मत ताबडतोब आणि डोळ्यांना दिसेल असं प्रत्युत्तर द्यावं असंच होतं. पाकिस्तानातल्या मुरीदके इथे लष्कर-ए-तय्यबावर, पाकव्याप्त काश्मीरमधल्या तळांवर किंवा मग आयएसआयवर. सरकारने तसं केलं नाही. मागाहून शांतपणे विचार केल्यावर तो निर्णय योग्यच होता, असं ते मांडतात. लढाई पेटली असती तर पाकिस्तानात सगळे लष्करामागे उभे राहिले असते, तिथलं नवं नागरी सरकार आणखी दुबळं झालं असतं आणि जगाने 'भारत-पाकिस्तानचं नेहमीचंच' म्हणून मान फिरवली असती. पुन्हा असा हल्ला झाला तर मात्र कुठल्याही सरकारला हाच संयम दाखवणं जवळपास अशक्य होईल, हेही तेच लिहितात.

आता माझ्यासमोर बसणारी माणसं म्हणजे वर्षानुवर्षं सीएसटीला उतरून कामावर गेलेली. त्या रात्री त्या स्टेशनात 50 हून जास्त माणसं गेली. 'संयम' हा शब्द काढला की खुर्च्या सरकणार. मला वकिली करायची नाही आणि आगही लावायची नाही. एक माणूस खुर्चीत बसून काय सल्ला देतो, सरकार काय ठरवतं आणि तोच माणूस नंतर त्याकडे कसा बघतो, एवढंच दाखवायचंय. हा भाग सुरुवातीला घेऊ की शेवटी? शर्म अल-शेखचं प्रकरण घ्यावं का? आणि 1993 चा चीनबरोबरचा सीमेवरच्या शांततेचा करार दहा मिनिटांत कसा सांगू? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

कोपऱ्यातला श्रोता यांचं उत्तर:

शेवटी अजिबात नको. शेवटी घेतलात तर लोक तेवढंच घेऊन घरी जातील आणि बाकीचं व्याख्यान वाहून जाईल. मधोमध ठेवा, पण त्याआधी ही दोन पदं वेगळी करून सांगा, कारण निम्म्या लोकांना डोवाल सोडून दुसरा सुरक्षा सल्लागार माहीत नसतो. परराष्ट्र सचिव हा परराष्ट्र सेवेचा प्रमुख. सुरक्षा सल्लागार पंतप्रधानांच्या जवळचा. हे पद पोखरणनंतर, 1998 च्या नोव्हेंबरात निर्माण झालं आणि पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र. मिश्र, जे. एन. दीक्षित आणि मेनन परराष्ट्र सेवेतले, नारायणन आणि डोवाल गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख. 26/11 च्या वेळी सल्लागार नारायणन होते, मेनन नव्हते. हे आधीच सांगितलंत तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

शर्म अल-शेख जरूर घ्या. जुलै 2009, इजिप्तमधल्या या गावी मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे पंतप्रधान गिलानी यांचं संयुक्त निवेदन. त्यात बलुचिस्तानचा उल्लेख आला आणि दहशतवादावरची कारवाई संवादाशी जोडू नये असं वाक्य आलं. इकडे गहजब झाला. मसुदा नीट झाला नसेल अशा अर्थाचं मेनन बोलले, महिनाअखेर निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत सुरक्षा सल्लागार म्हणून परत आले. श्रोते जागे राहतील याची हमी.

जुना टपालवाला यांचं उत्तर:

1993 बद्दल. सीमा 'सुटली' असं चुकूनही म्हणू नका. नरसिंह राव बीजिंगला गेले तेव्हा सप्टेंबरात सही झाली, त्याआधीच्या वाटाघाटीत मेनन सहसचिव होते. मथितार्थ इतकाच: बांधाचा दावा सुटेपर्यंत सध्या ज्याची वहिवाट जिथवर आहे ती दोघांनी पाळायची, फौजफाटा कमी ठेवायचा, सराव करायचा तर आधी कळवायचं. डोंबिवलीतल्या अर्ध्या लोकांची गावाकडे जमीन आहे, त्यांना फोड करून सांगायला लागणार नाही.

गोम अशी की वहिवाटीची रेघ, म्हणजे प्रत्यक्ष ताबारेषा, कागदावर कधी आलीच नाही. सीमेच्या मधल्या विभागाचे नकाशे 2000 मध्ये एकमेकांना दिले, पश्चिम विभागापाशी 2002 मध्ये घोडं अडलं. त्या काळात बीजिंगला राजदूत होते मेननच. 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान गेले, तेव्हा करार कामाचा होता की नाही हा प्रश्न येणारच. माझं मत विचाराल तर पंचवीसेक वर्षं गोळी न चालणं ही लहान गोष्ट नाही. पण हे माझं मत, व्याख्यानात तुमचं सांगा.

जाता जाता: राम साठे चीनमधल्या काशगरचे भारताचे शेवटचे वाणिज्यदूत. सासरेबुवांवर वेगळा धागा काढा, मी येतो.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा):

दोघांचेही आभार. 1993 पासून सुरुवात करतो, मग दोन पदं, मग 2008, त्याला जोडून शर्म अल-शेख. सुरक्षा सल्लागारपदाची चार वर्षं थोडक्यात आटपतो. प्रश्नांना वीस मिनिटं राखतो, वर्गातल्या आजोबांना त्यातली पाच.

एक राहिलंच. पडद्यावर लडाखचा नकाशा लावायचाय. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात आपली हद्द दिसते, पण प्रत्यक्ष ताबारेषाही ठळक दाखवणारा आणि मराठीत नावं असलेला नकाशा कुणाकडे आहे का? असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.