एंकहाउझनमध्ये चारशे वर्षं जुनं घर घ्यावं का? मोन्युमेंट घरात राहणाऱ्यांनी कृपया सांगा

जालनेकर:

नमस्कार मंडळी. मी मूळचा जालन्याचा, भाजीपाला बियाण्यांच्या पैदाशीत काम करतो. त्याच कामापायी चार वर्षांपूर्वी नेदरलँड्सला एंकहाउझनमध्ये आलो. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेली रेल्वे तासाभराने इथे येऊन थांबते, कारण पुढे पाणीच आहे. वस्ती जेमतेम एकोणीस हजारांची. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक या गावात होती. १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस असलेला डच प्रवासी फान लिन्सखोतेन पुढे इथे राहिला, गावाचा खजिनदार झाला आणि १६११ मध्ये इथेच वारला. गोव्याकडच्या आंब्या-नारळाबद्दल त्याने लिहिलं आणि त्यावर टिपा जोडल्या त्या याच गावच्या डॉक्टर पालुदानुसने. झाडं-बियाण्यांचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट कळली तेव्हापासून हे गाव परकं वाटेनासं झालं.

आता मुद्द्याचं. बंदराजवळच्या एका गल्लीत घर पाहिलंय. दर्शनी भिंतीचा माथा पायऱ्यापायऱ्यांचा, वर सामान ओढायचा लाकडी दांडा अजून शाबूत, आत तीन मजले मिळून ९२ चौरस मीटर, मागे लहानसं अंगण. राइक्समोन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय यादीतली संरक्षित वास्तू. मागणी सव्वाचार लाख युरो. आमची सहा वर्षांची मुलगी भिंतीतल्या बेडस्टेडमध्ये (कपाटासारखी दारं असलेला झोपायचा कोनाडा) शिरली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. बायकोही मनाने तिथे राहायला गेली आहे.

माझ्या शंका: मागच्या खोलीत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल आहे, रंगाचे पोपडे निघालेत. विकणाऱ्याचा माकेलार (घरांचा दलाल) म्हणाला, जुन्या घरात एवढं असतंच. कागदात पाया "ऑप स्टाल" लिहिलाय, म्हणजे स्टीलवर, तर तो भक्कम समजायचा ना? जिना शिडीसारखा उभा आहे, तो बदलून दुहेरी काचा लावायच्या आहेत. मंगळवारी दुपारी बारापर्यंत बंद पाकिटातली बोली द्यायची आहे.

आजोबांचं जालन्यातलं माळवदाचं घर एका पावसाळ्यात मागची भिंत खचून गेलं. खण मोडून लाकूड विकताना बाबा जोत्यावर बसून राहिले होते, ते मी पाहिलंय. म्हणून बाबा फोनवर एकच म्हणतात, जुनं घेऊ नकोस. म्हणूनच मलाही नीट समजून घ्यायचंय.

गाउडाकर:

आधी पायाचं, कारण इथे मोठा गैरसमज झालाय. "ऑप स्टाल"चा स्टीलशी काही संबंध नाही. हा जुना शब्द आहे, अर्थ मूळ घट्ट जमीन. खाली खांब न ठोकता, विटांचा पाया रुंद करून थेट जमिनीवर घर उभं केलंय एवढंच तो सांगतो. ते वाईटच असतं असं नाही, पण जमीन जशी दबेल तसं घर दबणार. शेजारचं घर वेगळ्या पायावर असेल तर दोघांच्या मधल्या भिंतीत तिरपी भेग पडते. ती शोधा. भेगेच्या कडा स्वच्छ, ताज्या दिसत असतील तर हालचाल अजून चालू आहे असं समजून पुढची चौकशी करा. जुनी, रंग भरलेली भेग वर्षानुवर्षं तशीच असेल तर फार घाबरायचं कारण नाही.

माझं घर गाउडाला, मऊ पीट (कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीवर, लाकडी खांबांवरचं. आमच्याकडे दुखणं वेगळं. खांबाचं डोकं भूजलाखाली बुडालेलं असेल तर ते शतकानुशतकं टिकतं. पाणी खाली गेलं की हवा लागते आणि लाकूड कुजायला लागतं. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या घरांना काय पाया आहे ते दारावर टकटक करून विचारा. इथले लोक सांगतात.

ओसरी:

जालनेकर दादा, मी नऊ वर्षं होर्नला राइक्समोन्युमेंटमध्ये राहते, तुमच्यापासून रेल्वेने पंचवीसएक मिनिटांवर. तुमच्या मुलीचं वाचून आमचं घर पाहिलं तो दिवस आठवला. घर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण "जुन्या घरात एवढं असतंच" हे वाक्य आम्हीही ऐकलं होतं आणि त्याची किंमत मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याही मागच्या खोलीत ओल होती. घेतलं, रंग दिला, वर्षभरात पोपडे. मग एका ठेकेदाराने भिंतीत भोकं पाडून रसायन भरलं. पुढच्या हिवाळ्यात ओल आणखी वर चढली. शेवटी जुन्या इमारतींचं काम करणारा एक म्हातारा गवंडी आला. त्याने छिन्नीने हाताएवढा गिलावा काढला आणि मला म्हणाला, हात लाव. आतली वीट ओल्या बिस्किटासारखी, नखाने भुकटी होत होती. पूर्वीच्या मालकाने आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला होता. वीट जमिनीतून पाणी ओढते, ते पूर्वी चुन्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंटने वाट बंद केली, म्हणून पाणी वर वर चढत गेलं. आपल्या वाड्यांचा नि किल्ल्यांचा चुना दगडी चाकाच्या घाणीत मळलेला असायचा, तो उगाच नाही. आम्ही सगळं सिमेंट उतरवलं, भिंत एक हिवाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. आता ती खोली कोरडी आहे. तुम्ही पुन्हा घर बघायला जाल तेव्हा ओलीच्या भिंतीवर बोटाने टकटक करा. सिमेंट कडक, पोकळ वाजतं.

दुसरं, त्याच भिंतीत तुळईची टोकं गेलेली असणार. ओल आणि तुळई एकत्र आल्या की तिथे बघितल्याशिवाय सही करायची नाही. आमचा तपासनीस घर घेतल्यानंतर आला, ही आमची चूक. त्याने तुळई भिंतीत शिरते त्या जागी टोच्या टेकवला. मधोमध लाकूड शिंगासारखं कडक होतं, तिथे टोच्या जेमतेम टोक रुतवून थांबला. भिंतीपासून वीतभर अंतरावर तोच मुठीपर्यंत आत गेला, आवाजसुद्धा झाला नाही. वरून रंग अगदी नीटनेटका होता. तीन तुळयांची टोकं कापून नवीन ओकचे तुकडे जोडले, त्याला अकरा हजार युरो गेले.

ते विकणाऱ्याकडून मागता आले नाहीत. खरेदीच्या करारात "आउडरडोम्सक्लाउसुले" नावाचं कलम होतं: घर जुनं आहे, वयामुळे निघणाऱ्या दोषांना विकणारा जबाबदार नाही. तुमच्याही करारात ते बहुतेक असणारच. ते काढून टाकायला विकणारा तयार होणार नाही, पण त्याच्या बदल्यात तुम्ही बोलीतच अट घाला: बांधकाम तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त तातडीचं काम निघालं तर व्यवहार मोडता येईल. कर्जाची अटही घाला. समोरचे म्हणतील, अटी घातल्या तर बोली कमजोर पडते. पडू दे. ओल दिसत असलेल्या घराला बिनअटीची बोली देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीला मोन्युमेंटची सवय असलेला माणूस घ्या. मोन्युमेंटेनवाख्तकडेही विचारा, जुन्या वास्तू तपासणं हेच त्यांचं काम आहे.

जिना आणि काचा. राइक्समोन्युमेंट म्हणजे फक्त दर्शनी भिंत नाही, आतलं सगळं त्यात येतं, यादीतल्या वर्णनात जिन्याचा उल्लेख नसला तरीही. जिना, बेडस्टेड, तुळया, मागची खिडकी, कशालाही हात लावण्याआधी खेमेंटेला (आपली नगरपालिका) विचारा. आहे तसंच, त्याच मालाने, त्याच रंगात दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, बदलायला लागते. आम्हाला जिना बदलू दिला नाही. आता माझी सत्तर वर्षांची आई दोर धरून उलटी उतरते, तिला खालच्या खोलीत झोपायची सोय केली. काचांचं मात्र जमलं: जुनी लाटालाटांची काच तशीच ठेवून आतून दुसरं तावदान बसवलं. थंडी निम्म्याने कमी झाली असं मला वाटतं आणि रस्त्याचा आवाजही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: मागच्या अंगणातून शेजाऱ्याची वहिवाट आहे का ते कॅडॅस्टरच्या नोंदीत बघा. कॅडॅस्टर म्हणजे इथला सातबाराच समजा. आमच्या अंगणातून दोन घरांना सायकली नेण्याचा हक्क आहे. चांगले लोक आहेत, पण आधी माहीत असतं तर तिथे झोपाळा लावायचं स्वप्न बघितलं नसतं.

हिशोबी:

ओसरीताईंनी घराचं सांगितलं, मी पैशाचं. जाहिरातीत किमतीपुढे "के.के." लिहिलं असेल, म्हणजे हस्तांतरण कर आणि नोटरीचा खर्च तुमचा. बँक कर्ज देते ते घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंत, हे वरचे खर्च आणि मूल्यांकनापेक्षा जास्त लावलेली बोली खिशातून. स्वतः राहायच्या घरावर कर २ टक्के. तुमच्यापैकी कुणी ३५ च्या आतलं असेल आणि ही सवलत आधी वापरली नसेल तर त्याच्या हिश्श्याला कर शून्य. २०२५ साली त्यासाठी घराच्या किमतीची मर्यादा ५,२५,००० युरो होती. म्हणजे एकाचं वय बसत असेल तर साडेआठ हजारांऐवजी सव्वाचार हजार.

राष्ट्रीय कर्जहमीचीही मर्यादा असते, २०२५ मध्ये ती ४,५०,००० होती; तिच्या आत राहिलात तर व्याज थोडं कमी पडतं. दुरुस्तीचंही गणित मांडा: राइक्समोन्युमेंटच्या देखभालीवर सरकार कमाल ३८ टक्के अनुदान देतं, पण आधी खर्च करायचा, पुढच्या वर्षी अर्ज करायचा आणि नवीन सोयी त्यात धरत नाहीत. विमा घेताना बाजारभाव नाही, तेच घर तसंच पुन्हा बांधायचा खर्च धरा.

तोंडी हो म्हटलं म्हणून घर तुमचं होत नाही. दोघांच्या सह्या झाल्यावर कराराची प्रत हातात आली की तीन दिवस कारण न देता मागे फिरता येतं. त्यानंतर सहसा १० टक्के इसार किंवा तेवढी बँक हमी. डच पक्कं येत नसेल तर नोटरीकडे शपथबद्ध दुभाषी न्यावा लागेल, तो आधीच ठरवा.

जालनेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गाउडाकरांचं ऐकून शेजारच्या दोन्ही दारांवर टकटक केली. डावीकडच्या आजींनी आत बोलावून कॉफी दिली. त्यांच्या घरालाही खाली खांब नाहीत, मधल्या भिंतीतली भेग त्यांच्या लग्नाच्या वेळेपासून तेवढीच आहे असं म्हणाल्या आणि कपाट सरकवून दाखवली. तिच्यात चार थर रंग होते.

बायको ३३ ची आहे, त्यामुळे तिच्या हिश्श्याचा कर वाचेल. हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मागच्या भिंतीवर टकटक केली. ओसरीताई, तुम्ही म्हणालात तसंच वाजलं, कडक आणि पोकळ. मागणीपेक्षा वीस हजार कमी, तपासणी आणि कर्ज अशा दोन्ही अटी घालून बोली लिहिली आहे. घर गेलं तर गेलं. तपासनीस मोन्युमेंटवाला मिळाला, बोली मान्य झाली तर तो शुक्रवारी येईल. तुळई भिंतीत शिरते तिथे टोच्या लावताना मी शेजारी उभा राहणार आहे, आणि फोनवर बाबांना दाखवणार आहे.

ओसरी:

त्यांना आवाजही ऐकू द्या. लाकूड चांगलं असेल तर टोच्याच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत वाजतं. शुक्रवारी काय झालं ते नक्की लिहा.