अनुभव धागा: आत्मचरित्र लिहिण्याचा लिहिणाऱ्याला काय फायदा?

छापायचं असो वा नसो, आयुष्य लिहून काढल्याने काय हाती लागतं आणि ते लिहायचं कसं? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

प्रतिसाद १
जन्मापासून सुरुवात करू नका, अशी वही बहुधा शाळेपाशीच अडते. मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढून दर पाच वर्षांवर खूण करा. घर बदललं, नोकरी लागली, कुणी गेलं, एवढंच टिपा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी दाटीने येतात, पुढचे पट्टे रिकामे राहतात. तिथे पासबुकं, जुनी पत्रं, फोटोंमागच्या तारखा कामी येतात. क्रम लागला की 'त्या प्रसंगानंतर सगळं बिघडलं' असं वाटणारं मुळात आधीच बिनसायला लागलं होतं, हे कागदावर दिसतं. मला हाच सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

प्रतिसाद २
मनाला बोचणाऱ्या भागासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत वापरा. १९८६च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र उदास वाटतं. तिथेच बरेच जण सोडून देतात, म्हणून झोपण्यापूर्वी लिहू नये. शुद्धलेखन पाहू नका. तीच तक्रार त्याच शब्दांत रोज उतरत असेल, तर 'कारण', 'आता कळतं की' अशी वाक्यं मुद्दाम जोडा.

प्रतिसाद ३
'वडील रागावले' एवढ्यावर थांबू नका. ते दारात उभे होते की खुर्चीत, हातात काय होतं, नेमकं काय म्हणाले, ते लिहा. मग तोच प्रसंग त्यांच्या बाजूने अर्धं पान लिहा. कढ उतरतो तो इथे.

प्रतिसाद ४
एकट्याने रेटत नसेल तर पाच-सहा जणांचा गट करा. वार्धक्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स बिरेन यांच्या पद्धतीत दर आठवड्याला एक विषय (पैसा, आरोग्य, काम, आयुष्यातली वळणं) आणि त्यावर दोन पानं असतात. ती गटात मोठ्याने वाचायची. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, चुका काढायच्या नाहीत. हा नियम मोडला की लोक गुळगुळीत लिहू लागतात.

प्रतिसाद ५
पहिला खर्डा फक्त स्वतःसाठी ठेवा. हयात माणसांबद्दलचा मजकूर घरच्यांसाठीच्या प्रतीत वेगळा तपासून घ्या. लिहिल्यावर काही दिवस झोप उडाली किंवा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागला, तर तो भाग बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला गाठा.