पाठ केलेली उत्तरं नकोत
ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रवेशाच्या इंटरव्ह्यूसाठी उत्तरं पाठ करून ठेवावीत का असं विचारलंय, तर माझं स्पष्ट मत, अजिबात नको. तिथले प्राध्यापक मुद्दाम न पाहिलेला प्रश्न देतात, एखादा ग्राफ काढायला सांगतील किंवा नवाच उतारा पुढे ठेवतील, आणि बघतात की तुम्ही विचार कसा करता, हिंट दिली की ती पकडून पुढे सरकता का. तो इंटरव्ह्यू म्हणजे त्यांच्या ट्युटोरियलचीच, म्हणजे एक-दोन विद्यार्थ्यांना समोर बसवून घेतल्या जाणाऱ्या चर्चेच्या तासाचीच, छोटी आवृत्ती असते. म्हणून रोज एक अनोळखी गणित किंवा उतारा घ्या आणि कुणासमोर तरी बोलत बोलत सोडवा, अडकलात तर कुठे अडकलात तेही बोला, गप्प बसलात तर समोरच्याला काय कळणार? सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं पण हळूहळू जीभ सुटते. पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहिता त्या मजकुरात, ज्या पुस्तकाचं नाव टाकलंय ते मात्र परत वाचाच, त्यावर विचारू शकतात. खेळातली सर्टिफिकेटं, नेतृत्वगुण वगैरेची तयारी सोडून द्या, तिथे विषयातली समज बघतात. आणि हो, इंटरव्ह्यू डिसेंबरमध्ये ऑनलाइन असतात, नमुन्याचे प्रश्न त्यांच्याच वेबसाइटवर आहेत, आधी ते घेऊन बसा.