गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल बघा

तुमच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन तापलं की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढतो पण गाडी ओढत नाही, आणि मेकॅनिक थेट गिअरबॉक्स खोलायचं म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा जरा. आधी गिअरबॉक्सचं तेल बघा. बहुतेक गाड्यांत ते गाडी सपाट जागी, गरम आणि इंजिन चालू ठेवून मोजतात. काहींत मात्र इंजिन बंद करून, म्हणून गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक उघडाच. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. मोजल्यावर कमी निघालं तर गळती आहे: कूलरचे पाइप, ऑइल पॅनचं गॅस्केट, अ‍ॅक्सलचे सील तपासा. लालसर असेल तर आशा आहे. काळपट आणि करपल्याचा वास? मग गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा बहुधा गेल्या, नुसतं तेल बदलून भागणार नाही. आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चुकूनही घालू नका.