शिवलेल्या नऊवारीचं ऑनलाइन दुकान : रिफंड, शिपिंगची पानं लिहायची कशी?

काठपदर_गिरगाव

नमस्कार मंडळी. मी गिरगावात घरातूनच शिवलेल्या नऊवारी विकते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, सगळ्या मापाने शिवून. आजवर कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटो पाठवायचा, कंबर-उंची-सीट विचारायची, निम्मे पैसे जीपेवर, बाकीचे पार्सल निघायच्या आधी. आता शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान थाटायची सेवा) दुकान मांडलंय, पण साइटवर पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे पेमेंट गेटवेकडून, अर्ज परत आला. कारण एवढंच, की पॉलिसी पेजेस (रिफंड, शिपिंग, नियम-अटी, प्रायव्हसी) अपूर्ण आहेत. काय अपूर्ण, ते सांगायला कोणी फोनवर येत नाही.

पानं भाच्याने तयार साच्यातून टाकून दिली होती. काल रात्री नीट वाचायला बसले तर त्यात ३० दिवसांत माल परत घेण्याचं वचन आहे, आणि युरोपियन युनियनच्या गिऱ्हाइकांना १४ दिवसांची वेगळी सवलत! माझं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक बेळगावचं.

अडचणी अशा. एक, मापाने कापलेली साडी परत घेऊन मी करू काय? दुसऱ्या कोणाला ती बसत नाही. पाडव्याला शोभायात्रेत नेसून, मग काठाला हळदीचे डाग आणि अत्तराचा वास घेऊन परत आलेली साडीही मी बघितली आहे. म्हणून सरळ 'नो रिटर्न, नो रिफंड' लिहावं असं वाटतंय. चालेल ना? दोन, लग्नसराईत शिवणारे मास्टर गावी गेले की चार-आठ दिवस इकडचे तिकडे होतात, ते शिपिंगच्या पानावर कसं मांडायचं? तीन, घरचा पत्ता द्यायलाच हवा का? चाळीत राहतो, कोणीही जिना चढून दारात उभं राहील. पुढेमागे गूगलवरही साड्या दाखवायच्या आहेत, तेव्हा एकदाच काय ते नीट करावं म्हणते.

विरार_फास्ट

ताई, एवढं कोण वाचतंय? एखाद्या मोठ्या साडीवाल्याची साइट उघडा, खालची चारही पानं उचला, नाव बदला, झालं. माझं तसंच चाललंय.

छापखानेवाला

विरारवाल्या भावा, गिऱ्हाईक वाचत नाही हे खरं. पण गेटवेचा तपासणारा वाचतो, आणि तक्रार झाली की ग्राहक आयोगही वाचतो. उचललेल्या पानांमध्ये तिसऱ्या परिच्छेदात मूळ दुकानाचं नाव आणि शेवटी 'सुरत न्यायक्षेत्र' तसंच राहिलेलं मी दोनदा पाहिलंय. माल दादरचा होता.

ताई, आता तुमचं. आमच्या वडिलांचा काळाचौकीला छापखाना होता. बिलबुकं छापायचो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि 'न्यायक्षेत्र मुंबई' या दोन ओळींचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून, दोऱ्याने बांधून कायम फळीवर तयार असायचे. गिऱ्हाईक मागो न मागो, बिलाच्या तळाला त्या जायच्याच. छापखाना बंद झाला, मी आता छोट्या दुकानांच्या वेबसाइटी आणि जीएसटीचं बघतो, पण त्या दोन ओळी काही पाठ सोडत नाहीत. तुमची 'नो रिटर्न, नो रिफंड' ही त्यांतलीच पहिली.

ती चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. त्यावर २०२० चे ई-कॉमर्स नियम आले. स्वतःचा माल स्वतःच्या साइटवर विकणाऱ्यालाही ते लागू आहेत. त्यात चार गोष्टींवर माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही : माल सदोष असेल, बनावट असेल, दाखवल्यापेक्षा वेगळा असेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल. शेवटची गोष्ट तुमच्या कामाची, तिच्याकडे येतो.

पण 'आवडली नाही', 'विचार बदलला', 'सासूबाईंना रंग पटला नाही' म्हणून मापाची साडी परत घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. पानावर हा फरक दिसला पाहिजे. मी असं लिहीन :

'प्रत्येक नऊवारी तुम्ही दिलेल्या मापाने शिवली जाते. त्यामुळे आवड किंवा विचार बदलल्यास ती परत घेता येत नाही. शिवण उसवलेली असेल, कापडात दोष असेल, तुम्ही कळवलेल्या मापापेक्षा फरक असेल किंवा मागवलेल्यापेक्षा वेगळी साडी आली असेल, तर मिळाल्यापासून ७ दिवसांत फोटोसह कळवा. परत पाठवण्याचा खर्च आमचा. दुरुस्त करून हवी की पैसे परत, हे तुम्ही ठरवा. नेसलेली, धुतलेली किंवा टॅग काढलेली साडी मापाच्या तक्रारीसाठी घेतली जाणार नाही.'

टॅग कमरेपाशी, नेसल्यावर लपणार नाही असा लावा. पाडव्याची मंडळी तिथेच अडतील. शिवणीच्या तक्रारीला मात्र टॅगची अट घालू नका, कारण शिवण उसवते ती नेसल्यावरच. आणि ७ दिवसांचा आकडा बिलावरही छापा, नुसता साइटवर ठेवू नका.

रद्द करण्याचं वेगळं लिहा. कापडाला कात्री लागेपर्यंत पूर्ण पैसे परत, हे सगळ्यात सरळ. निम्मी आगाऊ रक्कम कापून घ्यायचा विचार असेल तर नियम वाचा : गिऱ्हाइकाने रद्द केल्यावर दंड घ्यायचा, तर तुम्ही ऑर्डर रद्द केल्यावर तसाच दंड तुम्हीही भरायचा. माझ्या मते त्या भानगडीत पडू नका. पैसे किती दिवसांत परत येतील तेही लिहा. कार्ड-यूपीआयला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस धरतात. 'लवकरात लवकर' असं लिहिलं की तपासणारा पान परत पाठवतोच.

शिपिंगच्या पानावर दोन आकडे वेगळे हवेत. शिवायला किती दिवस आणि कुरियरने पोचायला किती दिवस. गूगलवर माल दाखवायला जिथे खातं काढावं लागतं, त्या गूगल मर्चंट सेंटरमध्येही हे दोन रकाने वेगळेच आहेत. बहुतेक जण दोन्हींची बेरीज एका जागी आणि एकटा कुरियरचा आकडा दुसऱ्या जागी टाकतात, मग साडीच्या पानावर ५ दिवस, शिपिंगच्या पानावर १५, इन्स्टाच्या बायोत 'तीन दिवसांत घरपोच'. गूगलच्या लेखी ही गिऱ्हाइकाची दिशाभूल, आणि त्यावरून खातं बंद होऊ शकतं. तपासणारा काही विद्वान नसतो, तो आकडे जुळवतो. म्हणून मुदत, खर्च, परतीचे दिवस हे आधी कागदावर एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच टाका. गूगलला 'परत घेत नाही' याचंही वावडं नाही, फक्त ते स्पष्ट लिहिलेलं आणि सहज सापडणारं हवं.

आता मास्टर. उशीर झाल्यावर पैसे परत मागता येतात, याला अपवाद आहे तो हाताबाहेरच्या आपत्तीचा. २६ जुलै २००५ सारखा पाऊस त्यात बसतो. मास्टर गावी गेले हे बसत नाही, कारण ते दर वर्षी जातात आणि कधी जाणार ते तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे शिवायचे दिवस मे महिन्यात आणि दिवाळीनंतरच्या मुहूर्तांना वाढवून लिहा, आणि तो काळ संपला की पान बदला. ऑर्डरच्या वेळी 'कार्यक्रमाची तारीख' असा रकाना ठेवा. पण तारीख विचारलीत की ती पाळायची जबाबदारी आली. जमणार नसेल तर त्या तारखेची ऑर्डर घेऊच नका. लग्न आटोपल्यावर नऊवारी पोचली, तर पैसे परत देण्यावाचून गत नाही, आणि खरं सांगायचं तर द्यायलाच हवेत.

दुसरी ओळ, 'न्यायक्षेत्र मुंबई'. नियम-अटींच्या पानावर ती लोक अजून टाकतात. टाकलीत तरी २०१९ च्या कायद्यात ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. नागपूरचं गिऱ्हाईक नागपुरातच तक्रार करेल. त्या ओळीच्या भरवशावर राहू नका.

ठाणेकर_मसालेवाली

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी माझ्यापुरतं सांगते. माझाही अर्ज परत आला होता. रिफंडचं पान चांगलं होतं. संपर्काच्या पानावर फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण होतं, ना लिहिलेला नंबर, ना ईमेल, ना पत्ता. तपासणारा संगणकावर बघतो, बटण दाबून तुमच्याशी गप्पा मारत बसत नाही. दुसरं म्हणजे पानं लिहून सेव्ह केली तरी ती साइटच्या तळाला दिसतातच असं नाही. शॉपिफायमध्ये सेटिंग्जमधल्या पॉलिसीजमध्ये मजकूर टाकला की चेकआउटच्या (पैसे भरायच्या) पानाच्या तळाला दुवे येतात, पण मुखपृष्ठाच्या तळाचा मेनू वेगळा जोडावा लागतो. दुसऱ्याच्या मोबाइलवर, लॉगिन न करता उघडून बघा.

आणि मसाल्याला माझ्या पानावर एकच वाक्य आहे : पाकीट फोडलं की परत नाही, फुटलेलं पोचलं तर नवीन. मापाच्या साड्यांना एवढ्यावर भागणार नाही, हे कबूल.

काठपदर_गिरगाव

छापखानेवाले दादा, खूप खूप आभार. मसुदा तुमच्याच धर्तीवर लिहायला घेतलाय. पत्त्याचं राहिलं. आणि प्रायव्हसीच्या पानावर मी लिहू काय? माझ्याकडे आहे काय, बायकांच्या मापांची एक वही!

छापखानेवाला

ती वहीच तर महत्त्वाची. नाव, फोन, पत्ता आणि अंगाची मापं. कोणत्याही बाईला ही वही दुसऱ्याच्या हातात जायला नको असते. साच्यातल्या मजकुरात कुकी, जाहिरातीचे पिक्सेल (साइटवर येणाऱ्यांचा माग ठेवणारे कोड) यांवर ढीगभर लिहिलेलं असतं, मापांचं अवाक्षर नसतं. तुम्ही लिहा : मापं फक्त शिवणाऱ्याला दिली जातात, नाव-पत्ता-फोन फक्त कुरियरला, पैशांचा तपशील गेटवेकडेच राहतो, आमच्याकडे येत नाही. मापं पुढच्या ऑर्डरसाठी ठेवतो, काढून टाका म्हणालात तर काढतो. आणि मास्टरला चिठ्ठी देताना खरोखरच नाव न लिहिता ऑर्डर नंबर लिहा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, त्याचा रोख हाच : कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, मागितल्यावर पुसा. नेसलेले फोटो स्टेटसला लावत असाल तर त्याची परवानगी वेगळी. ऑर्डर दिली म्हणजे फोटोला हो म्हटलं असं होत नाही.

पत्ता द्यावाच लागेल. नियमात कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकारी, सगळं साइटवर मागितलंय. अधिकारी म्हणजे तुम्हीच, घाबरू नका. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. आणि कायदेशीर नाव म्हणजे दुकानाचं नाव नव्हे. एकटीचा व्यवसाय असेल तर जीएसटीच्या कागदावर जे तुमचं नाव आहे ते, आणि पुढे दुकानाचं. तुमचा अर्ज बहुधा इथेच अडकला असणार, कारण केवायसीत, म्हणजे गेटवेला दिलेल्या ओळखीच्या कागदांत, एक नाव आणि साइटवर फक्त 'काठपदर'. जिना चढून येणाऱ्यांसाठी पत्त्याखाली लिहा, 'येथे विक्री होत नाही, आधी वेळ ठरवल्याशिवाय येऊ नये', आणि नकाशाची खूण लावू नका. मास्टरचा वेगळा गाळा असेल तर परतीची पार्सलं तिथे मागवा, फक्त तो पत्ता रिफंडच्या पानावर स्पष्ट द्या.

अजून एक, तुमची साइट उघडून बघितली म्हणून सांगतो. 'मॅचिंग ब्लाउज शिलाई' ची खूण आधीच केलेली आहे, आणि गिऱ्हाइकाने काढली नाही तर पैसे वाढतात. ती लगेच काढा. आधीच खूण केलेली संमती ई-कॉमर्स नियमांत चालत नाही. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सबद्दल (साइटवर गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्या) जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातल्या १३ प्रकारांत टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं आहेच. 'फक्त २ शिल्लक' ही लाल पट्टीही. तुम्ही साडी मागणीनुसार शिवता, शिल्लक दोन कुठून राहतील?

काठपदर_गिरगाव

हाहा, पट्टी भाच्याची. काढली. ब्लाउजची खूणही काढली. नाव जीएसटीप्रमाणे केलं, युरोप गेला. मजकूर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत ठेवू का एकाच?

छापखानेवाला

दोन्हींत ठेवा. वर इंग्रजी, कारण तपासणारा कुठल्या राज्यातला असेल सांगता येत नाही. खाली मराठी, बेळगावच्या काकूंसाठी. इंग्रजीत ७ आणि मराठीत १० असं होऊ देऊ नका. अर्ज टाकण्याआधी दुवा इथे द्या, आकडे मी एकदा तपासतो.